कॅप्शनची सावड

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. गेली सव्वीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि एकशेवीस पोरांच्या वर्गातसुद्धा मी कधी माईक हातात धरलेला नाही. बारामतीत आम्ही राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला आहे. माझे ऑनलाइन तास ऐकून ऐकून त्याला म्हणे गतीचे तिन्ही नियम पाठ झालेत. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी साडेपाचला माझा तास सुरू झाला की ते मुकाट स्वयंपाकघरात जाऊन डाळभाताचा कुकर लावतात. "तुझ्यापेक्षा शिट्टी बरी, ती मधेमधे थांबते तरी," असं त्यांचं म्हणणं.

त्या आवाजाचा मला चांगलाच गर्व होता. तो कसा उतरला, ते सांगते.

आमच्या संस्थेची दोन ज्युनियर कॉलेजं आहेत, एक बारामतीत आणि एक इंदापुरात. इंदापूरच्या फिजिक्सच्या मॅडम लग्न होऊन नाशिकला गेल्या आणि त्यांची जागा काही भरली जाईना. मग संस्थेनं ठरवलं, की मी सकाळी बारामतीत शिकवायचं आणि संध्याकाळी घरूनच इंदापूरच्या अकरावीला ऑनलाइन शिकवायचं. पोरं दुपारी कॉलेज सुटल्यावर आपापल्या गावी जायची, वरकुट्याला, नरसिंहपूरला, कुठं कुठं, आणि साडेपाचला मोबाइल घेऊन बसायची. कोऱ्हाळे बुद्रुकच्या दोघीतिघींना बारामतीत सकाळच्या तासाला एसटीची वेळ जुळत नव्हती, त्यांनाही याच तासात बसवलं. घरात माझा फळा हॉलच्या भिंतीवर, समोर स्टुलावर लॅपटॉप, आणि मी उभी. बसून शिकवायला मला आजही जमत नाही.

ऑनलाइन तासात पोरांना नावानं हाक मारायची सोय नव्हती. कुणाच्या मोबाइलवर वडिलांचं नाव यायचं, कुणाच्या मामाच्या खतांच्या दुकानाचं, एकाचं तर नुसतंच 'किंग'. मी पहिल्याच दिवशी तंबी दिली, की सगळ्यांनी फक्त हजेरीचा नंबर लिहायचा. तेव्हापासून ती सगळी माझ्यासाठी नंबरच झाली. अजूनही रस्त्यात कुणी भेटलं तर माझ्या तोंडून आधी नंबर निघतो.

जूनमध्ये संस्थेनं सगळ्या शिक्षकांची बैठक घेतली. आमच्या संगणक विभागाचे सर उत्साही गृहस्थ. त्यांनी पडद्यावर आमचं शिकवायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि कोपऱ्यातली दोन राखाडी बटणं दाखवली. त्यावर 'लवकरच येत आहे' असं लिहिलं होतं. एका बटणानं अख्खा तास रेकॉर्ड होणार होता. दुसऱ्यानं आपण जे बोलू ते खाली अक्षरांत उमटणार होतं, बातम्यांच्या चॅनेलवर पट्टी फिरते तसं. त्याला कॅप्शन म्हणतात, आणि ते मराठीतसुद्धा येणार होतं. कंपनीला चाचणीसाठी दोनचार शिक्षक हवे होते, म्हणून सर नावं विचारत होते.

मग इतिहासाचे सर म्हणाले, "म्हणजे आपण बोललो ते सगळं लेखी राहणार?"

"हो ना! तेच तर," संगणकाचे सर खूश होऊन म्हणाले.

त्यांना वाटलं आम्हाला आनंद झालाय. झालं होतं उलटंच. कुणी म्हणालं, पालक उद्या ते दाखवून भांडायला येतील. कुणी म्हणालं, साहेब लोक घरी बसून आपले तास तपासतील. सगळ्यांत जास्त मी भडकले. मी उभी राहिले आणि माईक नसताना जे बोलले ते खालच्या मजल्यावर शिपायांनी ऐकलं. "शिकवणं काय लोणचं आहे का बरणीत भरून ठेवायला? माणूस बोलतो, चुकतो, पुसतो. फळ्यावर माझं एखादं चिन्ह चुकलं तर ते काय जन्मभर तिथंच राहणार? माझ्या तासाचं रेकॉर्डिंग मी जिवंत असेपर्यंत होणार नाही, लिहून घ्या!" टाळ्या पडल्या. संगणकाच्या सरांचा चेहरा पडला. मी त्या दिवशी भलतीच खुशीत घरी आले.

आता सतरा नंबर. ही वरकुट्याची मुलगी. कॅमेरा कायम बंद. रोज वेळेवर हजर, पण प्रश्न विचारला की गप्प. "सतरा नंबर, सांग." गप्प. "सतरा नंबर, आहेस का गेलीस?" गप्प. मला न बोलणाऱ्या पोरांचा मनस्वी राग. चुकीचं बोला, पण बोला. एक दिवस माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "सतरा नंबर, मोबाइल लावून देऊन झोपतेस ना गं? एवढी जर झोप येत असेल तर सायन्सला कशाला आलीस?" त्यावरही उत्तर नाही. मी वहीत तिच्या नंबरापुढे लाल फुली मारली.

जुलैअखेर प्रॅक्टिकलसाठी मी एसटीनं इंदापूरला गेले. महिन्यातून दोन दिवस मी तिकडे जाऊन प्रयोग घ्यायचे. तिथं सतरा नंबर पहिल्यांदा दिसली. बारीक चणीची, दोन वेण्या, नजर मात्र अशी, की माझ्या तोंडावरून हलायलाच तयार नाही. मला वाटलं, पोरगी आगाऊ आहे, टक लावून बघते. पण हाताला वळण होतं. व्हर्नियर लावून तिनं गोळीचा व्यास मोजला तो अचूक. मी फळ्याकडे वळून आकडे लिहिता लिहिता विचारलं, "सतरा नंबर, तुझ्या व्हर्नियरचं लघुतम माप किती?" गप्प. परत विचारलं. गप्प. मी खडू आपटला आणि वळले, तर शेजारच्या अठरा नंबरनं तिच्या कोपराला हात लावलेला, आणि तिनं दचकून माझ्याकडे पाहिलेलं.

अठरा नंबरही वरकुट्याचीच, तिची बालमैत्रीण. ती म्हणाली, "मॅडम, तिला ऐकू येत न्हाय. डाव्या कानानं कायच न्हाय. उजव्याला मशीन लावलं तर थोडं. ती तोंडाकडं बघून समजून घेती. तुमी फळ्याकडं तोंड केलं की तिला काय कळणार?"

मी विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सायन्सला घेणार न्हाईत म्हणून फॉर्मवर लिवलं न्हाय. आन ऑनलाइनला तर मोबाइलात तुमचं तोंड शेंगदाण्याएवढं दिसतंय. ते मशीन मोबाइलजवळ नेलं की शिट्टी मारतंय. घरी पण तिला सगळं मागनंच सांगत्यात, थोडक्यात. बैठकीत अर्धा तास बोलत्यात आन तिला सांगत्यात, 'काय न्हाय, असंच.'"

मला स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. ज्या आवाजाचा मी डंका पिटत होते तो या पोरीपर्यंत एक दिवससुद्धा पोचला नव्हता, आणि वर मी तिला झोपाळू म्हणाले होते. मी खाली मान घालून म्हणाले, "माझं चुकलं गं बाळा." मग लक्षात आलं की खाली मान घालून म्हणून काय उपयोग? मान वर केली, तिच्यासमोर तोंड नेलं आणि परत म्हणाले. ती हसली. प्रयोगवहीच्या मागच्या पानावर तिनं लिहिलं, 'तुम्ही झोपाळू म्हणालात ते मला माहीतच नव्हतं. हिनं आता सांगितलं.' मी अठरा नंबरकडे असं पाहिलं, की ती लगेच टेबल पुसायला लागली.

संध्याकाळी सतरा नंबरचे वडील तिला मोटारसायकलवर न्यायला आले. उसाचं रान असलेला, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, आमचं ठरत आलंय. दिवाळीपर्यंत बघतो, मग कलाशाखेत घालतो. मोठ्या सरांशी बोललोय, ते व्हय म्हणाल्यात. तितं पुस्तकं वाचून भागतंय."

"तिला काय हवंय?"

"तिला सायन्सच पायजे. कारखान्याच्या लॅबमधी उसाचा रस तपासणारी एक बाई हाय, लहानपणी माझ्याबरोबर गेली व्हती तवा बघितली तिनं. तवापासनं तेच डोक्यात. पण रोज तास झाला की रडती, मॅडम. मला ते बघवत न्हाय. तिला वर्गात कळतंय, असं माझ्या डोळ्यानं दिसलं तर राहू दे. न्हायतर कशाला पोरीचा जीव खायचा?"

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. पण ते मायेनं बोलत होते, आणि मायेपुढे माझं काही चालत नाही. मी एवढंच म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबा, दादा. बाकीचं माझ्याकडे लागलं."

बाकीचं म्हणजे काय, हे मला एसटीत बसल्यावर आठवलं. ती राखाडी बटणं! बोललेलं खाली अक्षरांत उमटणार. आणि तास रेकॉर्ड झाला तर तिला पुन्हा पुन्हा थांबवून बघता येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडायच्या आधीच मी संगणक विभागाच्या दारात उभी.

सर किल्ली लावत म्हणाले, "मॅडम, तुम्ही? तुम्ही तर जिवंत असेपर्यंत..."

"ते सोडा. बटण चालू करा."

"ते माझ्या हातात आहे का? कंपनी देईल तेव्हा. आणि चाचणीला इथून एकही नाव गेलं नाही, त्यामुळे आपला नंबर मागे गेला. एकानंही हात वर केला नाही." कुणामुळे, ते त्यांनी सभ्यपणानं सांगितलं नाही.

मग त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरूनच मी कंपनीला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली, सुविधा लवकरच येत आहे. मी विचारलं, लवकरच म्हणजे कधी? ती म्हणाली, लवकरच, मॅडम. मी तिला वरकुट्याची सगळी हकिकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली, हळहळली, आणि म्हणाली की तुमची विनंती मी पुढे पाठवते. फोनवरच्या त्या पोरीचा काय दोष? पण फोन ठेवल्यावर मी अशी काही बडबडले, की ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आज तास सकाळीच का?"

तोवर मी माझ्यापरीनं सुरुवात केली. लॅपटॉप फळ्याच्या जवळ ओढला. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, म्हणून कानाला खडा लावला. सव्वीस वर्षांची सवय, सुटता सुटेना. लिहिता लिहिता तोंड चालूच. शेवटी ह्यांनी फळ्याच्या वर एक पाटी लटकवली: 'वळ'. तरीपण मोबाइलात माझं तोंड शेंगदाण्याचं फार तर सुपारीएवढं झालं असेल.

मग मी वर्गालाच विचारलं. सतरा नंबरची परवानगी घेऊनच सांगितलं, की असं असं आहे, बटण यायला वेळ आहे, तोवर काय करू या? मग अठरा नंबर म्हणाली, "मॅडम, खुरपणीला आमच्यात सावड करत्यात, तशी करू की."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात खुरपायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, काही नाही. हातानं केलेलं हातानं फेडायचं. अठरा नंबरचं म्हणणं असं, की दर दहा मिनिटं एकानं मी बोलेन ते खालच्या चॅटमध्ये टाइप करायचं. दहा मिनिटं झाली की पुढचा नंबर. तिला सोडून अडतीस पोरं, सहासात तासांत प्रत्येकाची पाळी एकदा येणार, असा हिशेबही कुणीतरी लगेच करून दाखवला.

तेवढ्यात 'किंग' म्हणजे एकतीस नंबर म्हणाला, "पण मॅडम, सावड फेडावी लागती. तिचं रान कुठाय?"

मला त्याचा रागच आला होता. पण मी तोंड उघडायच्या आत अठरा नंबरनं त्याचं म्हणणं चॅटमध्ये लिहिलं आणि त्याखाली सतरा नंबरचं उत्तर आलं. तिचं ते पहिलं उत्तर. 'मी सगळ्यांचं टाइप केलेलं आणि फळ्यावरचं एकत्र करून वहीत नीट लिहीन आणि रोज रात्री फोटो टाकीन. अख्ख्या वर्गाला.'

"चालतंय की!" एकतीस नंबर म्हणाला. त्याची स्वतःची वही कशी असायची, ते मला चांगलं माहीत होतं. सौदा सगळ्यांत जास्त त्याच्याच फायद्याचा होता.

अशी आमची कॅप्शनची सावड सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मी हसून हसून बेजार झाले. पोरांना सांगितलं होतं, मी बोलेन ते सगळं लिहा. त्यांनी सगळं म्हणजे सगळंच लिहिलं. 'मॅडम पाणी पितात.' 'मॅडमना शिंक आली, दोन.' 'मॅडम चिडल्या, कारण बावीस नंबर गाणी लावून बसलाय.' 'मागं कुकर झाला, तिसरी शिट्टी.' मी म्हटलं, हे कशाला? तर सतरा नंबरनं लिहिलं, 'मॅडम, हे राहू द्या. तुमच्याकडं कुकर लावतात, हे मला माहीतच नव्हतं.' तेव्हापासून शिट्टी झाली की कुणीही असो, इमानदारीनं नोंद करायचं. एखाद्या दिवशी ह्यांनी कुकर उशिरा लावला तर सतरा नंबर विचारायची, 'आज शिट्टी नाही?' हे तर एवढे खूश झाले, की शिट्टी नीट वाजावी म्हणून त्यांनी नवीन रिंग आणली.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या नऊ नंबरची तऱ्हाच वेगळी. तिची आई ग्रामपंचायत सदस्य. सभा झाली की घरी त्याचा कच्चा मजकूर ही पोरगी लिहून द्यायची, त्यामुळे हाताला तेच वळण. तिची पाळी आली की खाली असं उमटायचं: 'मा. मॅडम यांनी सभेपुढे असे मांडले की, क्रिया व प्रतिक्रिया समान असतात. त्यावर चर्चा होऊन, बावीस नंबर यांनी शंका उपस्थित केली. मा. मॅडम यांनी त्यांस गप्प बसण्यास सांगितले. विषय सर्वानुमते मंजूर.' मी तिला समजावून सांगितलं, की अगं, फिजिक्सचा नियम मंजूर करायला आपण कोण? ती "व्हय मॅडम" म्हणाली आणि पुढच्या पाळीला सूचक-अनुमोदकसुद्धा टाकले. मग मीच नाद सोडला.

अडचणी होत्याच. नरसिंहपूरच्या पोराची पाळी आली की नेमकं नेटवर्क जायचं. कुणी पाणी धरायला गेलेलं असायचं आणि बांधावर बसून एका हातानं टाइप करायचं. पण पोरांचं टाइप होईपर्यंत मला थांबावं लागायचं, त्यामुळे माझी गाडी आपोआप हळू झाली. वाक्यं आखूड झाली. जन्मात पहिल्यांदा मी वर्गात मधेमधे गप्प राहू लागले. इस्त्रीवाल्यानं ह्यांना विचारलं म्हणे, "मॅडमची तब्येत बरी हाय ना?"

आणि त्या वह्यांचे फोटो! सतरा नंबर रोज रात्री जेवणाआधी वर्गाच्या ग्रुपवर टाकायची. डावीकडे फळ्यावरचं, उजवीकडे बोललेलं, मधे रेघ. माझ्या सव्वीस वर्षांच्या तासांच्या इतक्या सुंदर टिपण्या कुणी काढल्या नव्हत्या. मी त्या चक्क बारामतीच्या वर्गातही वापरल्या. तरी माझी काळजी मिटली नव्हती. कारण तिच्या वडिलांनी जे मागितलं होतं ते वहीत दिसणारं नव्हतं. तास चालू असताना तिला त्याच वेळी कळतंय, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पोरांचं टाइप केलेलं नाही म्हटलं तरी थोडं मागून यायचं. मी पुढचं वाक्य बोलत असायचे तेव्हा ती मागचं वाचत असायची. शिवाय ती एकदाही तोंडानं बोलली नव्हती. बोलणं कसं आहे आपलं, ह्याची तिला लाज वाटते, असं अठरा नंबर म्हणाली.

दिवाळीला दोन आठवडे उरले असताना संगणकाच्या सरांचा फोन आला. "मॅडम, राखाडी निळं झालं!"

मी त्याच क्षणी वरकुट्याला फोन लावला. "दादा, उद्या साडेपाचला तुम्ही पोरीशेजारी बसायचं. कॅमेरा चालू ठेवायचा."

"उद्या उसाला पाणी हाय, मॅडम."

"पाच वाजेपर्यंत द्या. बाकीचा ऊस एक तास थांबेल."

दुसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसले. ह्यांनी विचारलं, कुठं लग्न आहे का? मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. त्यांनी कटाक्ष टाकला, तोवर मी फळा पुसायला घेतला. साडेपाचला दोन्ही बटणं दाबली. कोपऱ्यात लाल ठिपका लागला. एकशेवीस पोरांपुढे न घाबरणारी मी, त्या मुगाएवढ्या ठिपक्याला घाबरले! समोर सतरा नंबरच्या चौकटीत पहिल्यांदा माणसं दिसत होती. ती, आणि मागे खुर्चीत तिचे वडील, डोक्यावर टोपी, मनगटाला अजून चिखल.

मी बोलले, आणि बोलता बोलता खाली अक्षरं धावायला लागली. पोरं ओरडली. कॅप्शनच्या मशीननं चार ठिकाणी गडबड केली असेल, पण बाकी बरंच नीट होतं. सतरा नंबरची नजर वरखाली, फळा आणि ओळ, फळा आणि ओळ. मी भिंगाचं गणित घेतलं. त्यात वस्तूचं अंतर उणे धरायचं असतं. मी ते नीट सांगितलं, दोनदा सांगितलं, 'वळ' पाटी बघून वळूनसुद्धा सांगितलं. आणि तशीच पुढे गणित सोडवत गेले. अडतीस पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती.

तेवढ्यात एक आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुठून आला. जाडसर, एका सुरातला, शब्दांच्या कडा घासून गेल्यासारखा. सतरा नंबरच्या चौकटीभोवती हिरवी रेघ उमटली होती. ती बोलत होती. तोंडानं. मी ऐकण्याची पराकाष्ठा केली, पण खरं सांगते, मला एक शब्द कळला नाही. मी खाली मशीनच्या ओळीकडे पाहिलं. तिथं नुसते तीन ठिपके. मशीनलाही कळलं नव्हतं. तिनं पुन्हा तेच म्हटलं, आणखी मोठ्यानं. तिच्या वडिलांनी मान खाली घातली. आयुष्यात मला कधी एवढं असहाय वाटलं नव्हतं. समोरचं माणूस आपल्याशी बोलतंय आणि आपल्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा समजलं.

आणि चॅटमध्ये अठरा नंबरची ओळ उमटली. 'मॅडम, ती म्हणतीय, तुम्ही बोलताना उणे म्हणालात, फळ्यावर अधिक लिहिलंय. उत्तर चुकणार.'

मी वळून फळा पाहिला. अधिक. भलंमोठं, ठसठशीत अधिक. त्या लाल ठिपक्याच्या धसक्यानं माझा हात चुकला होता. अडतीस ऐकणाऱ्या पोरांनी मी लिहिलं ते निमूट उतरवून घेतलं होतं. बोललेलं आणि लिहिलेलं दोन्ही शेजारी ठेवून बघायची सवय सगळ्या वर्गात तिला एकटीला होती.

"बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर आहे!" मी ओरडले. इस्त्रीवाल्यानं नक्की ऐकलं असणार. मी ते अधिक पुसलं, उणे केलं, आणि म्हणाले, "दादा, पाहिलंत ना? एकानं माझी चूक काढली नाही. तुमच्या पोरीनं काढली."

वडिलांनी टोपी काढली, परत घातली. पोरीकडे न बघता, माझ्याकडेच बघत ते म्हणाले, आणि मशीननं त्यांचं बोलणं शब्द न् शब्द खाली लिहिलं: 'मॅडम, कलाशाखेचं राहू द्या आता. हितंच शिकू द्या तिला. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतंय.'

त्यांना वाटलं असणार, नेहमीसारखं हे तिला मागून सांगू. पण तिनं ते वाचलं होतं. आम्ही ऐकलं त्याच वेळी. स्वतःविषयी घरातल्या माणसानं बोललेलं पहिल्यांदा तिला कुणाच्या मागून कळलं नाही. ती गर्रकन वळून वडिलांकडे बघायला लागली, आणि त्यांना कळेना ही का बघतेय. मग त्यांनी पडद्यावरची स्वतःचीच ओळ वाचली. मी तर सरळ रडायला लागले, नव्या साडीच्या पदरानं डोळे पुसत. कुकरची शिट्टी झाली. मशीननं ती लिहिली नाही. सात जणांनी एकाच वेळी लिहिली.

त्याखाली नऊ नंबरनं टाकलं: 'सूचक: सतरा नंबर. अनुमोदक: सतरा नंबरचे वडील. ठराव सर्वानुमते मंजूर.' यावेळी मी तिला काही बोलले नाही.

सत्र संपलं की जागा मोकळी करायला जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकावी लागतात. संगणकाच्या सरांनी मुद्दाम फोन करून विचारलं, "मॅडम, तुमचं ते पहिलं आधी पुसू ना? त्यात चिन्ह चुकलंय म्हणालात." मी म्हटलं, त्याला हात लावाल तर याद राखा. ते मी माझ्याकडे उतरवून घेतलंय. त्यात ते अधिकचं चिन्ह चांगलं ठळक दिसतं, अगदी शेवटच्या बाकावरूनही दिसेल असं. दिसू दे.